दरपत्रकातील चूक कोणी सोसावी?

श्रोतेहो, मी पेशाने शिक्षक आहे. गेली वीसएक वर्षे मुलांच्या वह्यांतील बेरजा तपासण्यात गेली. हातचा विसरला, आकडा उलटा लिहिला, एका पानाची बेरीज दुसऱ्या पानावर घ्यायची राहिली, अशा चुकांवर लाल शाईने खूण करणे हा माझा नित्याचा व्यवसाय. परंतु स्वतःच्या घराच्या कामाचा कागद हातात आला, तेव्हा त्यावरची बेरीज मात्र मी तपासली नाही. त्यातून जो प्रसंग उद्भवला, तो आपणांसमोर ठेवावा आणि त्यानिमित्ताने कंत्राटदाराच्या दरपत्रकात चूक झाली असता कायदा काय म्हणतो, ग्राहकाचे हक्क कोणते आणि त्या हक्कांची सीमा कोठे आहे, याचा थोडा विचार करावा, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

धारवाडात आमचे जुने मंगळुरी कौलांचे घर आहे. मुले मोठी झाली, जागा अपुरी पडू लागली, म्हणून परसात बारा फूट लांब व बारा फूट रुंद अशी एक पक्की खोली बांधण्याचे आम्ही ठरवले. तिघा कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवली. एकाने २,७५,००० रुपये सांगितले, दुसऱ्याने २,९०,०००. तिसरा गृहस्थ हुबळीचा. त्याने दोन पानी कागद दिला. पहिल्या पानावर पाया, भिंती व स्लॅब यांचे १,८४,६०० रुपये होते. दुसऱ्या पानावर गिलावा, फरशी, दार, खिडक्या व रंग यांचे ९६,३५० रुपये. खाली एकूण रक्कम होती २,०८,९५० रुपये. मी लगोलग होकार दिला, ५०,००० रुपये आगाऊ दिले आणि काम सुरू झाले.

पाया भरून झाला, भिंती कमरेइतक्या वर आल्या आणि एके रात्री तो गृहस्थ कागद घेऊन दारात उभा राहिला. चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "मास्तर, हिशेब चुकला बघा माझा. दोन लाख ऐंशी हजारांच्या जागी दोन लाख आठ हजार पडलेत. एवढ्या पैशांत काम पुरं करायचं म्हणजे मला घरातले दागिने मोडावे लागतील."

श्रोतेहो, आपण स्वतः बेरीज करून पाहा. १,८४,६०० आणि ९६,३५० मिळून २,८०,९५० होतात. शून्य व आठ यांची अदलाबदल झाली होती आणि त्या अदलाबदलीची किंमत होती ७२,००० रुपये. जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या मंडळींना एक खूण ठाऊक असते. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले, तर येणाऱ्या फरकाला नेहमी नवाने निःशेष भाग जातो. ७२,००० ला नवाने भाग जातो. तेव्हा चूक खरी होती, बनावट नव्हती. प्रश्न एवढाच होता की, ती कोणी सोसावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्याकडे करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. दीडशे वर्षे उलटून गेली, तरी पेढ्याच्या दुकानापासून धरणाच्या बांधकामापर्यंत सर्व व्यवहार आजही त्याच कायद्यावर उभे आहेत. त्यातील मूळ कल्पना सोपी आहे. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा आणि त्यात उभयपक्षी काही देणेघेणे असायचे, की करार झाला. करार झाला म्हणजे दोघेही बांधले गेले. तो कागदावरच असला पाहिजे असे नाही. तोंडी करारही करारच असतो. मात्र उद्या तो सिद्ध करायचा झाला, तर साक्षीपुराव्याची पंचाईत होते. अलीकडे भ्रमणध्वनीवरच्या संदेशांतून दर ठरतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याने तसे करारही ग्राह्य मानले आहेत. म्हणून असे संदेश पुसून टाकू नयेत.

पण प्रस्ताव कशाला म्हणावे, हे आधी नीट पाहिले पाहिजे. वर्तमानपत्रासोबत येणाऱ्या हस्तपत्रकात एखादी कंपनी चौरस फुटाचा दर छापते, तो प्रस्ताव नव्हे. ते नुसते आमंत्रण आहे. त्यावर बोट ठेवून कोणाला बांधून घेता येत नाही. तसेच अंदाजपत्रक आणि निश्चित दरपत्रक यांतही भेद आहे. 'सुमारे एवढा खर्च येईल' असे म्हणणारा कागद हा अंदाज होय. 'एवढ्या रकमेत हे काम करून देईन' असे म्हणणारा कागद हा शब्द होय. मथळ्यावर काय छापले आहे यापेक्षा आत काय लिहिले आहे याला महत्त्व असते. यास्तव कागद हाती आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारावा तो असा: ही रक्कम कायम आहे की अंदाजे?

आता चुकीकडे वळू. चूक केव्हा उघडकीस आली, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आपण होकार देण्यापूर्वीच कंत्राटदाराने सांगितले की, 'थांबा, माझा आकडा चुकला,' तर त्याला आपला प्रस्ताव मागे घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. करार कायद्याचे पाचवे कलम तसे स्पष्ट सांगते. पुष्कळ दरपत्रकांच्या तळाशी 'हा दर ३० दिवस कायम' असे लिहिलेले असते आणि तेवढे दिवस तो माणूस बांधला गेला, अशी आपली समजूत असते. पण त्या आश्वासनाच्या बदल्यात आपण त्याला काही दिलेले नसेल, तर सर्वसाधारणपणे तो त्या मुदतीतही माघार घेऊ शकतो. तेव्हा आवडलेला दर मनात धरून महिनाभर बसून राहण्यात शहाणपण नाही.

एकदा आपण होकार दिला, विशेषतः आगाऊ रक्कम देऊन काम सुरू करवले, की पारडे फिरते. बाविसावे कलम असे आहे की, दोहोंपैकी एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली, केवळ तेवढ्या कारणाने करार रद्द करता येत नाही. म्हणजे कंत्राटदाराने सिमेंटची पोती मोजताना चूक केली, लोखंडाचा जुना भाव धरला, मजुरी कमी लावली, तर तो त्याचा तोटा. 'मला परवडत नाही' हे कारण कायद्याला पटत नाही. विसाव्या कलमाखाली दोघांचीही एकाच मूलभूत गोष्टीविषयी चूक झाली असेल, तर करार निरर्थक ठरतो खरा. पण एखाद्या वस्तूच्या किमतीविषयीचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीविषयीची चूक मानायची नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बजावले आहे.

हा नियम किती कडकपणे लागू होतो, याची दोन उदाहरणे आपल्याच देशातील आहेत. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथील जलविद्युत प्रकल्पाच्या निविदा उघडल्यावर एका निविदाकाराच्या ध्यानात आले की, आपल्या दरांत संगणकामुळे चुका शिरल्या आहेत. त्याने दुरुस्तीची परवानगी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २००१ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती नाकारली. निविदेचे नियम सर्वांना सारखेच लागू झाले पाहिजेत, एकाच्या निष्काळजीपणासाठी ते वाकवता येणार नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय होता. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे, सप्टेंबर २०२५ मधले. त्याच राज्यातील एका रस्त्याच्या टोलवसुलीसाठी निविदा होती. मुदत १,०९५ दिवसांची. एका निविदाकाराने संपूर्ण मुदतीच्या रकमेऐवजी एका दिवसाची रक्कम, म्हणजे ९,७२,९९९ रुपये, लिहिली. त्याच्या मनातली खरी रक्कम १०६ कोटींवर जात होती. उच्च न्यायालयाने त्याला चूक सुधारू दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एका गुणाकाराचा केवढा हा परिणाम!

हे वाचल्यावर आमच्या एका वकील स्नेह्याने मला सांगितले, "तुमची बाजू भक्कम आहे. २,०८,९५० च्या वर एक पैसाही देऊ नका." क्षणभर मला बरे वाटले. परंतु पुढे त्यांनीच एक प्रश्न विचारला आणि माझी मान खाली गेली. ते म्हणाले, "दोन दरपत्रके पावणेतीन लाखांच्या आसपासची असताना तिसरे एकदम सत्तर हजारांनी कमी कसे, असा प्रश्न तुम्हाला पडला नाही का?"

श्रोतेहो, खरे सांगतो, पडला होता. त्या दोन पानांवरच्या रकमा मनातल्या मनात मिळवून पाहणे मला अवघड नव्हते. पण मी ते टाळले. स्वस्तात मिळते आहे, तर आपण कशाला बोला, असा विचार मनात चोरपावलांनी येऊन गेला.

आणि येथेच कायद्याची दुसरी बाजू सुरू होते. बाविसाव्या कलमात 'केवळ' हा शब्द आहे, तो उगाच नाही. एकाची चूक झाली, केवळ तेवढ्याने करार मोडत नाही. पण ती चूक दुसऱ्याला दिसत होती आणि त्याने मुद्दाम ती पदरात पाडून घेतली, तर गोष्ट निराळी होते. कारण तेराव्या कलमाप्रमाणे संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे. समोरच्याच्या मनात दोन लाख ऐंशी हजार आहेत हे आपल्याला कळत असताना आपण दोन लाख आठ हजारांना होकार देतो, तेव्हा ती संमती एकाच अर्थाची आहे काय?

या मुद्द्यावर १९३९ साली इंग्लंडमध्ये गाजलेला एक निकाल आहे. अर्जेंटिनातील सशांच्या ३०,००० कातड्यांचा तो सौदा होता. आधीची सारी बोलणी नगावर झालेली. त्या धंद्याचा रिवाजही नगाचाच. पण विकणाऱ्याने शेवटच्या पत्रात चुकून दर पौंडाच्या वजनावर लिहिला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे भाव एक तृतीयांशावर आला. घेणाऱ्याने तत्काळ होकार कळवला आणि माल न मिळाल्याबद्दल नुकसानभरपाई मागितली. न्यायाधीशांनी ती नाकारली. ही चूक आहे हे तुम्हाला कळले नाही असे होणे शक्यच नव्हते, असे त्यांनी ठरवले. इंग्लंडचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तथापि त्यातला विचार आपल्या तेराव्या कलमाशी जुळणारा आहे. एवंच, ग्राहकाचा हक्क प्रामाणिक ग्राहकाचा हक्क आहे. डोळ्यांत भरणारी चूक पाहूनही जो गप्प राहतो, त्याने आपली बाजू भक्कम आहे असे समजू नये.

तर मग सीमा कोठे आखायची? दर स्पर्धेमुळे दहावीस हजारांनी कमी असेल, तर संशयाचे कारण नाही. कोणी नफा कमी घेतो, कोणाचे स्वतःचे मजूर असतात. परंतु आकड्यांचीच बेरीज जुळत नसेल, एखादी मोठी बाब कागदावर अजिबात नसेल किंवा दर इतरांच्या मानाने फारच खाली असेल, तर ग्राहकाने स्वतःहून विचारावे. विचारल्यावरही कंत्राटदार 'हाच माझा दर' असे लेखी म्हणाला, तर आता चुकीची सबब त्याला सांगता येणार नाही आणि आपला हक्क खरोखर भक्कम होईल. म्हणजे प्रामाणिकपणे विचारलेला एक प्रश्न त्याचेही रक्षण करतो आणि आपलेही.

असे विचारण्यात आणखीही एक हित आहे. तोट्यात अडकलेला माणूस तोटा कोठून तरी भरून काढू पाहतो. सिमेंट कमी घालतो किंवा लोखंडाची जाडी उतरवतो. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि १९ माणसे प्राणास मुकली, हे या जुळ्या शहरांतील कोणीच विसरलेले नाही. त्या दुर्घटनेचा दरपत्रकाशी काही संबंध होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण बांधकामात कशाची काटकसर चालत नाही, याचे ते भयंकर स्मरण आहे. ज्या छताखाली आपली मुले झोपणार, ते छत दुसऱ्याच्या तोट्यातून उभे राहावे, असे कोणाला वाटेल?

आता काही व्यावहारिक प्रसंग घेऊ. पहिला प्रसंग असा की, कंत्राटदार काम अर्धवट टाकून निघून गेला. करार खरा असेल आणि आपल्या बाजूने काही खोट नसेल, तर त्र्याहत्तराव्या कलमाप्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. तिचे गणित सरळ असते. समजा, ठरलेल्या २,०८,९५० पैकी १,००,००० रुपये दिले आणि तेवढ्याच मोलाचे काम झाले. उरलेले काम करारानुसार १,०८,९५० रुपयांत व्हायचे होते. तेच काम दुसऱ्याकडून पुरे करून घेण्यास वाजवी दराने १,७५,००० रुपये लागले. तर नुकसान ६६,०५० रुपयांचे झाले. मात्र नुकसान आवाक्यात ठेवण्याची खटपट आपणही केली पाहिजे. मुद्दाम महागडा माणूस आणून त्याचे बिल पहिल्याच्या माथी मारता येत नाही.

दुसरा प्रसंग जादा कामाचा. भिंती वर आल्यावर आपण म्हणतो, 'येथे एक कोनाडा ठेवा, तेथे एक जाळी बसवा.' ही दरपत्रकातील चूक नव्हे. ते आपण सांगितलेले नवे काम आहे. सत्तराव्या कलमाचा रोख असा की, फुकट करण्याचा उद्देश नसताना कोणी आपल्यासाठी काही काम केले आणि त्याचा लाभ आपण घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणून जादा कामाचा दर ते काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्यावा.

तिसरा प्रसंग आपल्या भागातील जमिनीचा आहे. हुबळीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चार फुटांवर पक्का थर लागेल असे धरलेले असते आणि सहा-सात फूट खणावे लागते. हा वाढीव खर्च कोणाचा? काम ठोक रकमेवर, म्हणजे गुत्त्याने दिले असेल आणि पायाविषयी वेगळी अट नसेल, तर साधारणतः तो कंत्राटदाराचा. काम मोजमापाप्रमाणे, म्हणजे प्रत्येक बाबीच्या दराने दिले असेल, तर जेवढे खणले तेवढ्याचे पैसे मालकाने द्यायचे. मोजमापाच्या करारात खालची बेरीज चुकली तरी फारसे बिघडत नाही, कारण बांधून घेतो तो बाबीचा दर.

चौथा प्रसंग उलट्या चुकीचा. चूक नेहमी ग्राहकाच्याच लाभाची असते असे नाही. एकच भिंत दोनदा मोजली जाते, एखादी बाब दोन्ही पानांवर येते. चुकून जास्त दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क बहात्तरावे कलम देते. पण ठोक रकमेला आपण सही केली असेल, तर 'मी बेरीज पाहिली नाही' ही सबब आपल्यालाही उपयोगी पडत नाही. बाविसावे कलम दोघांना सारखेच लागू आहे. कराच्या बाबतीतही सावध असावे. दरात जीएसटी धरला आहे की वेगळा, हे लिहून घ्यावे. आणि ज्याची जीएसटीखाली नोंदणीच नाही, त्याला तो कर वसूल करण्याचा अधिकार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बोलून काही निष्पन्न झाले नाही, तर दाद कोठे मागायची? पहिला ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी संमत झाला. म्हणून तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. आमच्या घरी त्या दिवशी नाताळची धांदल असते, त्यामुळे ती तारीख माझ्या चांगली लक्षात राहिली आहे. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आला आहे. घर बांधून देणे ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच लखनौच्या एका प्रकरणात सांगितले. तेव्हा करारात कबूल केलेले काम नीट न करणे किंवा अर्धवट टाकणे ही सेवेतील उणीव ठरते.

मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. आपल्या जिल्ह्याचा आयोग धारवाडात आहे. कंत्राटदार परगावचा असला, तरी आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते, ही नव्या कायद्याने दिलेली मोठी सवलत आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. संगणकावरून 'ई-जागृती' या संकेतस्थळावर ती भरता येते, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. उभयपक्षांची तयारी असेल, तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही सोपवतो. मात्र निव्वळ व्यापारी हेतूने गोदाम वा गाळे बांधून घेणारा या कायद्याच्या अर्थाने ग्राहक होत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचाच रस्ता धरावा लागतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी छोटे दुकान थाटणाऱ्याला मात्र हे संरक्षण आहे.

आयोगासमोर गेल्यावर पहिल्यांदा विचारतात तो कागद. आपल्यासारख्या मराठी घरांत येथे एक अडचण नेहमीची आहे. मेस्त्रीचा कागद कन्नडात येतो, इंजिनिअरचा इंग्रजीत येतो आणि आपण अर्धवट समजून सही करतो. तसे करू नये. जाणत्याकडून तो वाचून घ्यावा. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहून घ्यावी. माझ्या कागदावर अक्षरांत रक्कम असती, तर 'दोन लाख ऐंशी हजार' लिहिताना त्या गृहस्थाचा हात 'दोन लाख आठ हजार'कडे वळलाच नसता. कागदोपत्री आकडे व अक्षरे यांत फरक पडला, तर सहसा अक्षरे प्रमाण मानतात. धनादेशाच्या बाबतीत तर तसा कायदाच आहे. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी, झालेल्या कामाच्या मानानेच पैसे द्यावेत, आणि मधेच दर बदलायचा झाला तर त्याच कागदावर नवी रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बासष्टावे कलम उभयसंमतीने करार बदलण्यास मुभा देते. पण एकदा सही केल्यावर 'मी दबून केली' असे म्हणणे सोपे नसते. तेव्हा रात्री दारात आलेल्या माणसाला उत्तर सकाळी द्यावे.

मीही सकाळपर्यंत मुदत मागून घेतली. रात्री घरात बोलणे झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपले पैसे कष्टाचे आहेत, हे खरे. पण त्याच्याही पोटावर पाय द्यायला नको." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सगळी बिले पुढ्यात घेऊन बसलो. त्याने आपल्या नफ्याचे २७,००० रुपये सोडले. उरलेले ४५,००० मी जास्त देण्याचे कबूल केले. एकूण रक्कम २,५३,९५० रुपये ठरली. या वेळी ती अक्षरांतही लिहिली, खाली दोघांच्या सह्या झाल्या आणि खोली वेळेवर पुरी झाली. पहिल्या पावसात तिच्यात थेंबभरही गळले नाही.

कोणी विचारील, मग हक्क जाणून घेण्याचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. ज्याला आपला हक्क ठाऊक नसतो, तो भीतीने पैसे देतो किंवा रागाने भांडतो. ज्याला तो ठाऊक असतो, त्याला तो पुरता वापरता येतो, आणि योग्य वाटल्यास त्यातला काही भाग समजून उमजून सोडताही येतो. मी ४५,००० रुपये दिले ते कोणी अडवले म्हणून नव्हे. त्यातले काही त्याच्या चुकीचे होते आणि काही, मला वाटते, माझ्या मौनाचे होते.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी कंत्राटदाराचा कागद हाती येईल, त्या वेळी चष्मा लावून शांतपणे बसा आणि खालची बेरीज स्वतः करून पाहा. ती तुमच्या विरुद्ध चुकली असेल तर बोलाच. पण तुमच्या बाजूने चुकली असेल तर आधी बोला.